रोजच्या पावत्या: कुठली ठेवायची, किती दिवस आणि कशासाठी

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते. घरात पावत्यांनी भरलेला एक डबा आहे, चार वर्षांचा. किराण्यापासून चपलांपर्यंत सगळं त्यात आहे. घरातल्या एकाचं म्हणणं, हल्ली पैसे कार्डानं नाहीतर मोबाइलवरून जातात, बँकेत सगळ्याची नोंद असते, मग हा पसारा कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, कधी कुठला कागद लागेल सांगता येत नाही. दोघांत बरोबर कोण?

गेली २६ वर्षं मी जमाखर्च लिहिते आणि तपासते. निम्मं काम लहान व्यावसायिकांचं, निम्मं घरांचं. डबा न बघताही सांगते, त्यातल्या बहुतेक पावत्या खुशाल टाका. पण ‘बँकेत नोंद असते’ हे त्याचं कारण नव्हे. त्या भरवशावर सगळंच टाकलंत तर ज्या पाच-सात पावत्या खरोखर लागणार आहेत त्याही केराच्या टोपलीत जातील.

बँकेचा खातेउतारा तीन गोष्टी सांगतो: पैसे कुणाला गेले, कधी गेले, किती गेले. काय घेतलं, हे तो सांगत नाही. समजा एकाच दुकानातून एकाच दिवशी तुम्ही बूट, फोनचा चार्जर आणि कपडे धुण्याची पावडर घेतली. उताऱ्यावर एकच आकडा दिसेल. तीन महिन्यांनी चार्जर बंद पडला, तर त्या आकड्यात चार्जर होता हे कशावरून? दुकानदार चांगला असेल तर त्याच्या संगणकात शोधून काढेल. नसेल तर तुमच्या हातात फक्त एक बेरीज आहे. रोखीनं पैसे दिले असतील तर तीही नाही. रोखीच्या व्यवहारात पावती हा एकमेव पुरावा असतो, म्हणून रोखीनं घेतलेल्या वस्तूची पावती मी नेहमी एक पायरी वर ठेवते.

जुन्या काळी इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात लाकडी काठ्यांवर खाचा पाडून रकमा नोंदवायचे. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. एक भाग पैसे देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. वाद झाला की दोन्ही भाग एकमेकांना लावून बघायचे. खाचा जुळल्या की प्रश्न मिटला. मला ही पद्धत फार आवडते, कारण पावती म्हणजे नेमकं काय ते तिच्यात डोळ्यांना दिसतं. दुकानदाराकडे त्याचा अर्धा भाग असतोच. तुम्ही तुमचा टाकून दिलात तर वाद त्याच्या अर्ध्यावरच सुटतो.

म्हणून प्रत्येक पावती हातात घेऊन दोनच प्रश्न विचारा. या कागदाच्या जोरावर मला अजून कुणाकडे काही मागता येईल का? आणि या खर्चाबद्दल मला कुणी जाब विचारू शकेल का? एकाचं तरी उत्तर ‘हो’ असेल तर ठेवा. दोन्हींचं ‘नाही’ असेल तर तो कागद आहे, पावती नाही. किती दिवस ठेवायची याचं उत्तरही इथूनच मिळतं: मागणी जिवंत आहे तोवर.

आता हे प्रश्न रोजच्या खरेदीला लावू.

किराण्याच्या पावतीची मागणी सर्वांत लवकर मरते. पाकीट फुटकं निघालं, मुदत उलटलेली वस्तू निघाली, तर ते एक-दोन दिवसांत कळतं. पण या पावतीचं खरं काम त्याच्याही आधी, गल्ल्यासमोर उभं असतानाच असतं. तिथे ती वाचा. माझ्या कामात ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या त्या अगदी साध्या आहेत: एकच वस्तू दोनदा स्कॅन झालेली, फळीवर सवलतीची चिठ्ठी आहे पण संगणकात जुनाच भाव, तीन नग घेतले आणि चार लागले, परत केलेल्या वस्तूचे पैसे वजा करायचे राहिले. यात लबाडी क्वचितच असते. घाई असते, आणि भाव बदलला तरी यंत्रात तो बदलायचा राहून जातो. पिशव्या उचलून घरी गेल्यावर हे सिद्ध करणं अवघड, आणि तिथल्या तिथे सांगितलं तर अर्ध्या मिनिटाचं काम. चार वर्षं डब्यात जपलेल्या पण एकदाही न वाचलेल्या पावतीपेक्षा, दुकानात वाचून दारातच टाकलेल्या पावतीनं घराचं जास्त भलं केलेलं असतं.

कार्डानं पैसे दिले असतील तर पावती खातेउताऱ्यावर रक्कम येईपर्यंत थांबवा. हॉटेल, पेट्रोल पंप, भाड्याची गाडी अशा ठिकाणी आधी अंदाजे रक्कम अडकवून ठेवतात आणि खरी रक्कम नंतर लागते. गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. रक्कम जुळली की पावती मोकळी. न जुळल्यास लगेच बँकेला कळवा. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच प्रकारच्या तक्रारींना साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण तुमच्या बँकेची स्वतःची मुदत याहून कमी असू शकते. त्यामुळे ‘महिनाअखेरीला बघू’ इतपत ठीक, ‘वर्षअखेरीला बघू’ मात्र नको.

कपडे, बूट, घरातल्या बारीकसारीक वस्तू यांच्या पावत्या परत करायची मुदत संपेपर्यंत. ही मुदत बहुतेकदा पावतीच्या मागच्या बाजूला किंवा तळाशी बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि ती वाचायची सवय फार थोड्यांना असते. दुकानाच्या धोरणाखेरीज कायद्यानं मिळालेला हक्क वेगळा असतो. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. युरोपीय संघात वस्तूवर किमान २ वर्षांची कायदेशीर हमी असते, दुकानदारानं काही लिहून दिलेलं असो वा नसो. तुम्ही राहता तिथला कायदा काय म्हणतो ते एकदाच शोधून डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा.

टिकाऊ वस्तू म्हणजे यंत्रं, फोन, फर्निचर, चष्मा, सायकल. यांची पावती वस्तू घरात आहे तोवर. वॉरंटी संपली तरी टाकू नका, कारण चोरी झाली, आग लागली, पाणी शिरलं, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते की वस्तू तुमची होती कशावरून आणि केवढ्याला घेतली होती. वस्तू विकायला काढलीत तरी घेणाऱ्याला पावती दाखवता आली की भाव बरा येतो. अशी पावती वॉरंटी कार्डाबरोबर पिनेनं जोडून ठेवा, आणि वस्तूवरचा अनुक्रमांक पावतीवर पेनानं लिहा. वस्तू बंद पडली की हा क्रमांक विचारतात, आणि तो नेमका यंत्राच्या मागच्या, भिंतीला टेकलेल्या बाजूला असतो.

छोटी खरेदी आणि टिकाऊ वस्तू यांच्यातली ही रेघ माझ्या मनची नाही. फ्रान्समध्ये १ ऑगस्ट २०२३ पासून दुकानात आपोआप पावती छापणं बंद झालं. गिऱ्हाईकानं मागितली तरच छापायची. पण ज्या टिकाऊ वस्तूंना कायदेशीर हमी लागू आहे त्यांच्या पावत्या या नियमातून वगळल्या. कागद वाचवायला निघालेल्या सरकारनंही ‘यातून पुढे काही मागता येतं का’ हाच प्रश्न विचारला आणि तिथेच हात आखडता घेतला. याच्या उलट तैवान. तिथे १९५१ पासून सरकारी नमुन्याच्या पावत्यांवरच्या क्रमांकांची सोडत निघते, हल्ली दर दोन महिन्यांनी, आणि रोख बक्षिसं मिळतात. लोकांनी पावती मागावी म्हणजे दुकानदाराला विक्री लपवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे तिथे अगदी क्षुल्लक खरेदीची पावतीही सोडतीपर्यंत जिवंत असते. नियम तोच, उत्तर वेगळं.

तुमचा स्वतःचा व्यवसाय असेल, किंवा एखादा खर्च करातून वजा करून मागणार असाल, तर दुसरा प्रश्न, म्हणजे जाब विचारला जाण्याचा, लागू होतो. तेव्हा मुदत दुकान ठरवत नाही, करखातं ठरवतं. अमेरिकेत साधारणपणे ३ वर्षं. ब्रिटनमध्ये स्वयंरोजगार असणाऱ्यांना ३१ जानेवारीच्या विवरणाच्या तारखेनंतर किमान ५ वर्षं. तुमच्या ठिकाणची मुदत तुमच्या कर सल्लागाराला विचारा. इथे एक सवय लावून घ्या, तिनं माझ्या कितीतरी अशिलांचा त्रास वाचलाय: घरचं सामान आणि कामाचं सामान एका बिलात कधीच घेऊ नका. गल्ल्यावर दोन ढीग करा, दोन बिलं मागा. वर्षाच्या शेवटी एका लांबलचक पावतीवर मार्करनं रेघा मारत ‘हे माझं, हे धंद्याचं’ करत बसणं मी बघितलंय. त्यात तास जातात आणि तपासणाऱ्याच्या मनात शंका राहते ती राहतेच.

घराच्या दुरुस्तीच्या, सुधारणेच्या पावत्या हा आणखी लांबचा प्रकार. अनेक देशांत घर विकताना झालेल्या नफ्यावर कर मोजतात, आणि घरात घातलेला सुधारणेचा खर्च त्या नफ्यातून वजा होऊ शकतो. म्हणजे आज नवी खिडकी बसवलीत तर तिचं बिल वीस वर्षांनी लागू शकतं. ती फाइल वेगळी ठेवा आणि घर विकून त्याचा कर मिटेपर्यंत हात लावू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे उत्तर इतकं लांब लिहावंसं वाटलं तिच्याकडे येते.

काही वर्षांपूर्वी एक जोडपं माझ्याकडे आलं. अतिशय नीटनेटकी माणसं. महिन्यावार फाइल, प्रत्येक पावती पारदर्शक प्लास्टिकच्या कप्प्यात. त्यांचं कपडे धुण्याचं यंत्र तिसऱ्या वर्षी बंद पडलं होतं आणि त्याच्या मोटरची हमी त्याहून लांबची होती. फाइल उघडली, बरोबर महिना काढला, बरोबर कप्पा काढला, आणि आत पांढरी पट्टी. त्या बाई माझ्यासमोर तो कागद खिडकीच्या उजेडात धरून तिरका करून बघत होत्या. दुकानाचं नाव कसंबसं दिसत होतं. तारीख नाही, रक्कम नाही, मॉडेल नाही. ते दुकान तोवर बंद झालेलं, आणि कंपनी खरेदीच्या तारखेशिवाय पुढे बोलायला तयार नव्हती. दुरुस्तीचे पैसे त्यांनाच भरावे लागले. त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. चूक फक्त एवढीच की कागद टिकेल असं त्यांनी गृहीत धरलं. आणि तो ज्या प्लास्टिकमध्ये जपला, बहुधा त्यानंच तो पुसला.

हे का होतं ते समजून घ्या. दुकानातल्या छोट्या यंत्रातून निघणाऱ्या पावतीवर शाई नसतेच. तो थर्मल कागद असतो. त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ थर असतो. त्या थरात एक रंगहीन रंगद्रव्य आणि त्याला रंगवणारं एक आम्लधर्मी रसायन शेजारी शेजारी बसवलेलं असतं. छपाईयंत्राच्या डोक्यातले बारीक ठिपके तापतात, तेवढ्या जागी थर वितळतो, दोन्ही रसायनं एकत्र येतात आणि काळं अक्षर उमटतं. कागद थर्मल आहे का हे ओळखायचं असेल तर नखानं जोरात एक ओरखडा ओढा. घर्षणाच्या उष्णतेनं काळी रेघ उमटली तर तो थर्मल.

अडचण अशी की ही जोडी कायमची नसते. तेल, हाताची क्रीम, चिकटपट्टीचा गोंद आणि मऊ प्लास्टिकमध्ये असलेली रसायनं ती मोडतात, आणि अक्षर पुन्हा रंगहीन होतं. ऊन आणि उजेड अक्षर फिकं करतात. उष्णतेचं उलटं, ती सगळाच कागद काळा करते. म्हणून पावती उन्हात उभ्या गाडीत राहिली की काळवंडते. एकानं तर महत्त्वाची पावती टिकावी म्हणून गरम लॅमिनेशनला दिली होती. ती काळीठिक्कर होऊन परत आली. पाकिटात, घामट खिशात ठेवलेल्या पावत्या काही महिन्यांतच जातात. त्याच पावत्या साध्या कागदी पाकिटात, अंधाऱ्या थंड खणात ठेवल्या तर काही वर्षं वाचता येतात.

थर्मल कागदाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अक्षर उमटवणारं ते रसायन अनेक वर्षं बिस्फेनॉल-ए असायचं, आणि ते शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं. युरोपीय संघानं २ जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात त्याचं प्रमाण वजनाच्या ०.०२ टक्क्यांवर आणलं. बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी त्याचंच भावंड बिस्फेनॉल-एस आलं. स्वित्झर्लंडनं २०२० मध्ये थर्मल कागदात दोन्हींवर बंदी घातली. २०१४ साली अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की हाताला सॅनिटायझर लावून लगेच थर्मल पावती धरली तर बिस्फेनॉल-ए त्वचेतून आत जाण्याचं प्रमाण वाढतं. घाबरून जाण्यासाठी हे सांगत नाही. पण ओल्या किंवा क्रीम लावलेल्या हातानं पावत्यांचा ढीग चाळू नका, लहान मुलांना खेळायला देऊ नका, आणि हे कागद रद्दीच्या कागदात मिसळू नका. पुनर्वापरात ते रसायन पुढच्या कागदात उतरतं. दिवसभर गल्ल्यावर बसून शेकडो पावत्या फाडून देणाऱ्या माणसाचा विचार केला तर, गरज नसताना पावती न छापण्याच्या मी पूर्ण बाजूची आहे.

तेव्हा जी पावती सहा महिन्यांपेक्षा जास्त लागणार आहे तिचा फोटो त्याच दिवशी काढा. उद्या नाही, त्याच दिवशी. पावती सपाट ठेवून, चारही कडा दिसतील असा. लांब असेल तर दोन फोटो, मधल्या दोन-तीन ओळी दोन्हींत येतील असे. दुकानाचं नाव, तारीख, बिल क्रमांक, वस्तू आणि एकूण रक्कम वाचता येते ना ते फोटो मोठा करून बघा. मग नाव द्या: आधी वर्ष-महिना-दिवस, मग वस्तू. ‘२०२५-०३-१४ मिक्सर’ एवढं पुरे. तारीख या क्रमानं लिहिली की यादी आपोआप लागते. आणि तो फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. सहलीच्या आणि वाढदिवसाच्या हजारो फोटोंमध्ये पडलेली पावती हरवल्यातच जमा. फोन हरवेल तेव्हा फोल्डरही जाईल, म्हणून त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

फोटो चालतो का? वस्तू परत करायला आणि वॉरंटीला बहुतेक ठिकाणी चालतो, कारण दुकानदाराला बिल क्रमांकावरून त्याची नोंद सापडते. विम्याचा दावा, नोकरीच्या ठिकाणी खर्चाची भरपाई, औषधोपचाराचा परतावा इथे मात्र मूळ कागद मागू शकतात. अशा पावतीची साध्या कागदावर झेरॉक्स काढून मूळ पावती तिच्या मागे स्टेपल करायची. आमच्या धंद्यात हा जुना रिवाज आहे, आणि तो आजही मोडलेला नाही.

ईमेलवर किंवा मेसेजमध्ये आलेल्या पावत्या पुसल्या जात नाहीत म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बऱ्याचदा त्या ईमेलमध्ये पावती नसते, पावतीकडे नेणारी लिंक असते. दुकानानं व्यवस्था बदलली, तुमचं खातं बंद झालं, की लिंक मेली. टिकाऊ वस्तू असेल तर लिंक उघडून पीडीएफ उतरवून घ्या आणि त्याच फोल्डरमध्ये टाका.

आता एक बाब जिथे मी वरचा सगळा सैलपणा मागे घेते. पैसे दुसऱ्याचे असतील तर प्रत्येक पावती ठेवा. अगदी प्रत्येक.

एका कुटुंबात वडील दीड-दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. तीन भावंडं, त्यातली एक बहीण त्यांच्याजवळ राहत होती. वडिलांच्या खात्यातून पैसे काढायचे, औषधं, मदतनीस बाईंचा पगार, घरखर्च, सगळं तिच्याकडे. वडील गेल्यावर भावांनी नुसतं विचारलं, किती खर्च झाला? आरोप नव्हता. तिच्याकडे एकही पावती नव्हती. त्या धावपळीत कोण ठेवतं? खातेउतारे घेऊन ती माझ्याकडे आली. मी चार दिवस जुळवाजुळव केली. औषधांच्या दुकानानं जुनी बिलं काढून दिली, ती बसली. पण निम्मे पैसे रोख काढलेले, आणि त्यापुढे लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. रक्कम फार मोठीही नव्हती. तिनं एक पैसाही घेतला नव्हता याबद्दल मला जराही शंका नाही. तरी त्या रिकाम्या रकान्यांनी भावंडांतलं बोलणं कमी झालं ते झालंच. पावत्यांविषयी मी कुणाशीही बोलते तेव्हा मला ती बाई आठवते.

म्हणून आईवडिलांचा, आजाऱ्याचा, एखाद्या मंडळाचा, सोसायटीचा, सहलीच्या वर्गणीचा पैसा हातात असेल तर पहिल्या दिवसापासून एक वही करा. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर गेलेले, आणि त्याच पानाला पावती टाचलेली. जिथे पावती मिळत नाही तिथे स्वतः चिठ्ठी लिहा: तारीख, कशासाठी, किती, कुणाला दिले, आणि शक्य असेल तर घेणाऱ्याची सही. कार्यालयांत किरकोळ रोकड ज्या पद्धतीनं सांभाळतात तीच इथे वापरता येते. एका डबीत ठरावीक रक्कम टाकायची. खर्च झाला की पैसे निघतात आणि त्यांच्या जागी पावती जाते. कोणत्याही क्षणी डबीतली रोकड आणि पावत्यांची बेरीज मिळून मूळ रक्कमच भरली पाहिजे. रक्कम संपत आली की पावत्या वहीत चढवायच्या आणि तेवढेच पैसे पुन्हा टाकायचे. दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो इतर भावंडांना पाठवा, त्यांनी मागितला नसला तरी. शंका यायच्या आधी दिलेला हिशेब प्रेमानं वाचला जातो.

राहिला तुमच्या प्रश्नातला एक न बोललेला भाग. पावत्या ठेवल्या की खर्चावर ताबा राहतो, असं डबा भरणाऱ्याला वाटत असावं. तसं होत नाही. डबा हा जमाखर्च नव्हे. पैसा कुठे जातो हे खरंच बघायचं असेल तर दोन महिने, फक्त दोन महिने, प्रत्येक पावती रात्री वहीत उतरवा, आणि एकूण रक्कम नव्हे तर आतल्या ओळी वेगळ्या करून: खाण्याचं, सफाईचं, मुलांचं, हौसेचं. मोठ्या दुकानाच्या एका बिलात हे सगळं एकत्र असतं आणि उताऱ्यावर ते ‘किराणा’ म्हणून दिसतं. हौसेचा खर्च तिथेच लपून बसतो. एक महिना पुरत नाही, कारण एखादा मोठा खर्च येऊन चित्र बिघडवतो. दोन महिन्यांनी वही बंद करा. जे कळायचं ते तोवर कळतं, आणि त्यापुढे रोज लिहिणं फार थोड्यांना झेपतं.

टाकताना थोडं भान ठेवा. कार्डाचा पूर्ण क्रमांक आता पावतीवर सहसा नसतो. अमेरिकेत २००३ च्या कायद्यानं शेवटच्या पाचपेक्षा जास्त आकडे छापायला मनाई केली, आणि इतरत्रही तशीच पद्धत आहे. पण घरपोच मागवलेल्या वस्तूच्या बिलावर नाव, पत्ता, फोन असतो, औषधांच्या बिलावर आजार कळतो. ते फाडून टाका. जाळू मात्र नका. त्या इंग्लंडच्या लाकडी काठ्यांची पद्धत १८२६ मध्ये बंद झाली, आणि उरलेल्या काठ्या १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये संसदेच्याच तळघरातल्या भट्ट्यांत घालून जाळायला काढल्या. धुराडी तापली, आग पसरली आणि वेस्टमिन्स्टरच्या संसदेची बहुतेक इमारत त्या रात्री जळाली.

तुमच्या डब्याचं काम एका दुपारचं आहे. आधी कोऱ्या झालेल्या पावत्या बाजूला काढा. चार वर्षांच्या डब्यात त्याच पुष्कळ निघतील. त्या चाळताना एखाद्या महागाच्या वस्तूची पुसट पावती दिसली तर त्याच दिवशी दुकानाकडे बिलाची दुसरी प्रत मागा. त्यांच्या संगणकात नोंद असेल तर ती मिळते. मग किराणा, कपडे, हॉटेल यांच्या सहा महिन्यांपूर्वीच्या सगळ्या टाका. उरतील त्या यंत्रांच्या, घरदुरुस्तीच्या, औषधोपचाराच्या आणि कराच्या. त्यांचे फोटो काढा, चार कागदी पाकिटं करा, प्लास्टिकची नकोत, आणि पाकिटावर ‘कधीपर्यंत’ हे पेन्सिलनं लिहा. आणि गाडीत काचेजवळ ठेवलेली एखादी पावती असेल, तर ती आजच आत आणा.